पट्ट्याच्या जोडाचा आवाज

३ सप्टेंबर, बुधवार

सिस्टर फिलोमिना आम्हा मुलींना सांगायच्या, डायरी इंग्रजीत लिहा, म्हणजे घरातलं कोणी वाचणार नाही. आता घरात आम्ही दोघंच, आणि हे तर हल्ली वर्तमानपत्रसुद्धा वाचत नाहीत. तेव्हा मराठीत लिहायला हरकत नाही.

आज सकाळी कुसुमताई आल्या. चाकण सोडून राजगुरुनगरकडे निघालं की आत त्यांचं गाव. तिथून त्या निगडीला बाजरीचं पीठ घेऊन येतात. आमची लेक मैत्री शाळेत होती तेव्हापासून आमच्याकडे त्यांचंच पीठ. आज पिशवी न उघडताच बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे शेवटचं पीठ समजा."

त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची दगडाची गिरणी आहे. ती डिझेलच्या इंजिनावर चालायची. या पावसाळ्यात इंजिनाने कायमची मान टाकली. मुलगा दिग्विजय म्हणतो, गिरणी भंगारात देऊ आणि शेड टायरवाल्याला भाड्याने. कुसुमताईंनी भांडून दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली आहे. एक जुनी मोटरही मिळवली आहे, पण ती जोडायची कशी हे कोणाला ठाऊक नाही.

"इंजिन निवांत फिरायचं, ही मोटर पिसाळल्यागत फिरती. समदे म्हणत्यात, पट्टा लावला की दगड उडून जाईल." मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमी कंपनीत हेच करत हुता न्हाई का?"

हे खिडकीशी बसले होते. बुद्धरत्न, उभा जन्म कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात पुल्या आणि पट्टे यांची डिझाइनं केलेला माणूस. मला वाटलं, नाही म्हणतील. वर्षभर सगळ्यालाच नाही म्हणतात. स्कूटर विकली, का तर ट्रॅफिक. कॅरम सोडला, का तर गुडघे. विहारात दर रविवारी ग्रंथवाचन करायचे, तेही सोडलं, का तर घसा. मैत्री बंगळुरूहून फोनवर म्हणते, "आई, पप्पांना डिप्रेशन आहे, कोणाला तरी दाखव." मी तिला म्हणते, नोकरी सुटली की पुरुष असे मिटत जातात. पण मनातून घाबरते. उद्या हा माणूस पुरताच मिटला तर?

हे म्हणाले, "जुना सपाट पट्टा आहे ना? मग सपाटच ठेवू." आणि मला म्हणाले, "टीचर, कागद घे. मी सांगतो, तू लिही."

शाळेतून निवृत्त झाले तरी मी यांची टीचरच. पण इतक्या वर्षांच्या संसारात यांनी कामातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नव्हतं. ही गिरणी फिरायलाच हवी. कुसुमताईंसाठी तर आहेच, पण मला माझा माणूस परत हवा आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज शिक्षकदिन आणि मी विद्यार्थिनी!

माळ्यावरून यांचं डिझाइनचं जाडजूड पुस्तक काढलं. यांनी ते माझ्याकडे सरकवलं. "तू वाच. तुझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. माझे उच्चार ऐकून पट्टा तुटेल."

वाचण्याआधी मी माझा जुना प्रश्न विचारला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पिंपरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. कॉन्व्हेंटची फी त्यांनी कशी भरली, ते त्यांनाच माहीत. एका दसऱ्याला मला वर्कशॉप दाखवायला घेऊन गेले. छताखालून एक लांबच लांब दांडा फिरत होता आणि त्यावरून प्रत्येक मशीनवर एकेक चामड्याचा पट्टा उतरला होता. सगळे पट्टे टक्‌ टक्‌ करत होते, प्रत्येकाचा ठेका वेगळा. घड्याळाच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटलं. पट्टे नुसते चाकावर ठेवलेले, ना खाच ना कड. मग ते पडत का नाहीत? दुसऱ्या दिवशी सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "आम्रपाली, मुलींनी असले प्रश्न विचारू नयेत असं मी म्हणणार नाही. पण मला उत्तर येत नाही."

हे हसले. किती दिवसांनी! म्हणाले, "पुली मध्ये किंचित फुगीर असते. नखाच्या जाडीइतकी. म्हणून पट्टा मधोमध राहतो."

मी म्हटलं, "उलट आहे. फुगवट्यावरून तर तो घसरून पडेल. उंचवट्यावरून सगळंच खाली येतं."

"सगळंच येतं. पट्टा वर चढतो."

हे माझ्या डोक्यात शिरेना. मग यांनी स्वयंपाकघरातून लाटणं मागवलं आणि माझ्या जुन्या साडीची नाडीसारखी लांब पट्टी फाडायला लावली. लाटणं मध्ये जाड, टोकांना बारीक. त्यावर ताणून धरलेली पट्टी मी कडेला ठेवली आणि लाटणं फिरवलं. पट्टी हळूहळू मधल्या जाड भागावर चढून बसली! मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. जाड भागाकडची कड जास्त ओढली जाते, त्यामुळे पट्टा तिरका होतो, आणि फिरता फिरता पुढचा वेढा त्या बाजूला पडतो. पन्नास वर्षं बाळगलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पोळपाटावर होतं.

मी लाटणं फिरवत असताना हे माझ्याकडे मान तिरकी करून बघत होते. लग्नाआधी दादांना भेटायला घरी यायचे तेव्हा असेच तिरके बघायचे. मला या वयात लाज वाटली.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोटर मिनिटाला साधारण साडेचौदाशे फेरे घेते. दगडाला पाचशेच्या आत हवेत, नाहीतर पीठ करपतं. म्हणून गिरणीची पुली मोटरच्या पुलीच्या तिप्पट मोठी. एवढं मी स्वतः काढलं. यांनी पाठीवर थाप मारली.

मग पट्ट्याची रुंदी. मी म्हटलं, अरुंद घेऊन घट्ट ताणला तर नाही का चालणार? हे म्हणाले, "चालेल. पट्टा गप्प बसेल आणि बेअरिंग रडेल." चार इंच ठरला. जाडी बेताचीच हवी, कारण लहान पुलीवरून जाड पट्ट्याला दर फेऱ्यात वाकावं लागतं आणि तो आतून चिरतो.

खाचेत बसणारा व्ही-बेल्ट का नको, हेही आज कळलं. दाण्यातून खडा किंवा नट-बोल्ट आला आणि दगड अडला, तर व्ही-बेल्ट खाचेत रुतून ओढतच राहतो. मग दगड तरी फुटतो, मोटर तरी जळते. सपाट पट्टा घसरतो आणि सगळ्यांना वाचवतो. मी घसरण्याला नेहमी दोषच समजत आले.

चहा ओतताना यांच्या हातून कप भरून वाहिला. बोलण्याच्या नादात. मला बरंच वाटलं, कशात तरी नाद लागला म्हणून.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

निगडीच्या स्टँडवरून चाकणची बस धरली. कंपन्यांच्या बसगाड्या आणि कांद्याचे ट्रक यांच्यात आमची बस मुंगीसारखी सरकत होती. बसचा नंबर यांनी मलाच वाचायला लावला. "तू शिकतेयस ना सगळं, मग हेही बघ," म्हणाले.

कुसुमताईंची शेड पत्र्याची आहे आणि भिंतींवर पिठाची साय धरली आहे. मोटर कुठे बसवायची यावर वाद झाला. कुसुमताईंना ती गिरणीला चिकटून हवी होती, बायकांना डबे घेऊन बसायला जागा राहावी म्हणून.

हे म्हणाले, "जवळ आणली तर पट्टा लहान पुलीला नीट मिठी मारत नाही. थोडं लांब राहू द्या."

"लांब राहून मिठी? भाऊ, हे कुठलं पुस्तक वाचताय?" कुसुमताई म्हणाल्या आणि दळणाला म्हणून आलेल्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. गिरणी बंद आहे हे माहीत असूनही बायका गप्पा मारायला येऊन बसतात!

यांनी मग खडूने जमिनीवर आखून दाखवलं. पट्ट्याची एक बाजू ओढणारी, ती ताठ. दुसरी परतणारी, ती ढिली. ढिली बाजू वर ठेवायची, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने झोळासारखी खाली येते आणि दोन्ही पुल्यांना जास्त वेढते. अंतर असेल तरच झोळ पडतो. खडूची रेघ बरीच वेडीवाकडी आली. ड्रॉइंग ऑफिसात यांच्या हातच्या रेघेला सगळे नावाजायचे.  हाताला सवय राहिली नसेल.

"आणि पट्ट्याचा जोड क्लिपचाच घ्यायचा," हे म्हणाले. "पत्र्याची क्लिप. दुसरं काही नको."

मी विचारलं, का? म्हणाले, "जुनी पद्धत आहे. मला आवडते."

१६ सप्टेंबर, मंगळवार

भोसरीला ओंकारच्या लेथवर गेलो. गिरणीची जुनी पुली झिजून सपाट झाली होती, तिला पुन्हा फुगवटा द्यायचा होता. मोटरची लहान पुली नवी. ओंकारचे वडील यांच्याच कंपनीत होते, त्यामुळे तो यांना काका म्हणतो.

"घ्या काका, बघा कसा फुगवटा आलाय. डोळे निवतील."

यांनी पुलीकडे पाहिलंच नाही. डोळे मिटले आणि अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला, पोळीचा काठ चाचपतात तसा. "या बाजूला थोडा राहिलाय."

"अहो काका, डोळे मिटून काय, डायल लावू की."

"लाव."

डायलचं मापयंत्र लावलं. खरंच राहिला होता. ओंकार म्हणाला, "काकू, घरातल्या भांड्यांचे पोचे पण असेच शोधतात का?" मी म्हटलं, "घरात भांडं कुठलं ते सापडत नाही. परवा साखरेच्या जागी मीठ घातलं चहात." सगळे हसलो. हेही हसले, पण जरा उशिरा.

परत येताना पुस्तकातली एक गोष्ट मनात घोळत होती. पट्टा घसरत नसला तरी गिरणीची पुली हिशोबापेक्षा किंचित मागेच पडते. कारण पट्टा ताठ बाजूला ताणलेला असतो आणि ढिल्या बाजूला आखडतो. पुलीवरून जाता जाता तो गुपचूप सरकतो. कोणाचीही चूक नसते. मी यांना म्हटलं, "मला हे फार आवडलं." हे म्हणाले, "काय आवडलं? तोटा आहे तो." पण माझा हात धरून रस्ता ओलांडला. भोसरीच्या चौकात, भर दिवसा!

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. कुसुमताईंच्या घरी गडबड, तरी मोटर पायावर बसवून झाली.

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे बघायला दोरी लावतात. मोठ्या पुलीच्या कडेला टेकवून दोरी ताणायची. लहान पुलीच्या कडेलाही ती सरळ लागली पाहिजे. मी एक टोक धरलं, कुसुमताईंनी दुसरं. हे गुडघ्यावर बसून बघत होते.

"दोरी मध्ये वाकली आहे," हे म्हणाले.

मी हसले. "ताणलेली दोरी वाकेल कशी?"

"वाकली आहे. लाटेसारखी."

"अहो, तारेसारखी ताठ आहे!"

यांनी पुढे होऊन दोरीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग म्हणाले, "हो. सरळ आहे. गंमत केली."

कुसुमताई म्हणाल्या, "भाऊ, चष्मा बदला की. का पेन्शन माशांना घालताय?"

हे एकदम उखडले. "चष्मा ठीक आहे माझा. तुम्ही दोरी धरा." बाहेरच्या माणसाशी हे असं कधी बोलत नाहीत.  कामाचं दडपण आलं असावं. दसरा जवळ आलाय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चिंचवडला पट्टा आणायला एकटी गेले. हे म्हणाले, "तूच जा. आता तुला सगळं कळतं." हे ऐकून मी बसमध्ये स्वतःशीच हसत होते.

दुकानदाराने विचारलं, जोड क्लिपचा करू की चिकटवून देऊ? चिकटवताना दोन्ही टोकं तासून पातळ करतात, एकावर एक ठेवून गरम दाबतात. मग जोड कुठे आहे ते हाताला समजतही नाही. पुस्तकातही वाचलं होतं की असा पट्टा आवाज करत नाही, पुलीला धक्का देत नाही, जास्त टिकतो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, क्लिप आता कोण लावतंय? दिवसभर टकटक."

मी विचार केला. यांना क्लिप हवी ती जुन्या आठवणींसाठी. आठवणी मलाही आहेत. पण डिझाइन म्हणजे चांगल्यातलं चांगलं निवडणं, हे यांनीच शिकवलं. मी चिकटवलेला पट्टा घेतला. यांना दसऱ्यालाच कळेल. पहिल्यांदा माझ्या अकलेने काही केलंय.

२९ सप्टेंबर, सोमवार

यांना चाकणच्या प्रवासाने गरगरतं, म्हणून आज ओंकारला घेऊन मी गेले. पट्टा चढवला, मोटर रुळांवर मागे सरकवून ताण दिला. रिकामी गिरणी थोडा वेळ चालवून पाहिली. मधोमध, अगदी मधोमध, आणि आवाज म्हणून नाही! पट्टा इतका एकसारखा धावत होता की नुसता टांगून ठेवल्यासारखा दिसत होता. कुसुमताईंनी माझ्या तोंडात गूळ घातला.

घरी यांनी विचारलं, "क्लिप नीट बसली?" मी म्हटलं, "जोड एकदम छान झालाय." खोटं नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. कुसुमताईंचा फोन आला. "बाई, गिरणीची पूजा केली. समदं घासून-पुसून लखलखीत केलंय. पुल्यांना तेलाचा हात फिरवला, वर हळदीकुंकू. नवरीवानी दिसतीया. उद्या भाऊंच्या हातानं नारळ फोडायचा, म्हंजी दिग्विजय बी गप बसंल."

मी म्हटलं, फोटो पाठवा. फोटोत पुल्या खरंच चकाकत होत्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही.  

काल सकाळी धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून आधी विहारात गेलो, वंदना झाली, मग चाकण गाठलं. गावातल्या बायका डबे घेऊन शेडबाहेर बसल्या होत्या. दिग्विजयही दाराशी उभा होता, हाताची घडी घालून. यांनी नारळ फोडला. मी बटण दाबलं. पट्टा फिरला. यांनी मान कलती केली, काहीतरी शोधल्यासारखी. मी मनात म्हटलं, थांबा, आता सांगतेच.

कुसुमताईंनी बाजरी सोडली आणि दगड मंदावला. मोटर जोरात, दगड हळू. पट्टा किंचाळला, रबराचा वास सुटला. हे ओरडले, "दाणे बंद करा! टीचर, बटण!" कुसुमताईंनी दाणे रोखले. दगड मोकळा झाला आणि पुन्हा वेगाने फिरू लागला. मी बटण बंद केलं. मोटरची घरघर थांबली.

पण दगड जड असतो. बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो, आणि पट्टा त्याच्याबरोबर.

"पट्टा ढिला राहिलाय," हे म्हणाले आणि पुढे झाले. ढिल्या बाजूवर तळवा दाबून ताण बघायची यांची पद्धत आहे. यांनी हात पुढे केला, सरळ, शांतपणे. जसा थांबलेल्या वस्तूकडे करतात.

 मी यांचा शर्ट मागून धरला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. दोघंही पिठाच्या पोत्यांवर पडलो. यांच्या दोन बोटांची टोकं पट्ट्याला लागली होती. कातडी सोलली, एवढंच. तळवा टेकला असता तर पट्ट्याने हात थेट पुलीखाली नेला असता.

पडल्या पडल्या हे म्हणाले, "थांबला होता ना?"

"फिरत होता, अहो."

"आवाज नव्हता."

"कसला आवाज?"

"जोडाचा. क्लिप पुलीवर टक्‌ टक्‌ करते. तो थांबला की पट्टा थांबला."

यांचा शर्ट अजून माझ्या मुठीतच होता.

"भाऊ, डोळ्याम्होरं फिरत हुता की पट्टा!" कुसुमताई म्हणाल्या.

हे कपडे झटकत हसले. "धावता पट्टा थांबल्यासारखाच दिसतो, कुसुमताई. भल्याभल्यांना फसवतो."

ते खरंही आहे. मीच चार दिवसांपूर्वी तसं लिहिलंय. पण मला लाटेसारखी वाकलेली दोरी आठवली. खडूची रेघ. कपाबाहेर वाहिलेला चहा. बसचा नंबर. साखरेच्या जागी मीठ, ज्यावर आम्ही हसलो होतो. आणि वर्तमानपत्र, आणि कॅरम, आणि विहारातलं ग्रंथवाचन.

पट्टा का घसरला ते ओंकारने फोनवरच सांगितलं. पुलीला तेल. कुसुमताईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी तेल लावलं आणि मी जोड गुळगुळीत केला. दोघींनी गिरणीचे लाडच केले होते.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मी समोर बसले तर तुम्हांला दिसते का?"

यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "समोर बघितलं की तुझ्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग असतो. जरा बाजूला बघितलं की कडेने दिसतेस."

म्हणजे ते तिरकं बघणं मला बघण्यासाठीच होतं. लग्नाआधीच्यासारखं वगैरे मी उगीच समजले. किंवा उगीच नसेलही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पिंपरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मैत्री सुट्टी काढून आली. डॉक्टरांनी यांच्यापुढे चौकटी छापलेला कागद धरला. हे म्हणाले, रेघा मध्ये वाकल्या आहेत. मी पाहिलं, रेघा फूटपट्टीने मारल्यासारख्या सरळ होत्या.

पडदा मधोमध खराब होतोय. डाव्या डोळ्याला उशीर झाला. उजवा इंजेक्शनं देऊन आहे तिथे धरून ठेवता येईल असं डॉक्टर म्हणतात. सुधारेल असं म्हणाले नाहीत. पहिलं इंजेक्शन आजच दिलं. मी बाहेरच्या बाकावर बसून माझ्याच बोटांची टोकं दाबत होते.

घरी आल्यावर विचारलं, "वर्षभर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला हात धरून फिरवलं असतंस."

"फिरवलं असतंच."

"म्हणून," हे म्हणाले. मग, "आणि पुस्तकही काढून घेतलं असतंस. म्हणून तुला आधी सगळं शिकवून ठेवावं म्हटलं."

मैत्री उठून स्वयंपाकघरात गेली. मी लाटण्याकडे बघत बसले. साडीची पट्टी अजून त्याला गुंडाळलेली होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज गिरणी चालली.

दिग्विजयने टायरवाल्याला थांबवलं कसं, हे कुसुमताईंकडून कळलं. "म्या त्याला म्हनलं, दसऱ्यापत्तुर पट्टा फिरायचा हुता, फिरला. पीठ पडायचं तेवढं ऱ्हायलं. शब्दाचा पक्का असशील तर थांब." तो थांबला. एवढंच नाही, त्या दुपारनंतर पुल्यांभोवती लोखंडी जाळी त्यानेच करून घेतली. जाळीच्या आत आता कोणाचाच हात जाणार नाही, डोळे चांगले असणाऱ्यांचासुद्धा.

पुल्या आधी साबणाने धुतल्या, मग कोरड्या पुसल्या. मी चिकटवलेला पट्टा जोडावर कापला. कात्री मीच चालवली. ओंकारने पत्र्याची क्लिप ठोकून बसवली. "काकू, मॉडर्न पट्टा कापायला जिवावर येतंय," म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या नाही येत."

बटण दाबलं. टक्‌ टक्‌ टक्‌. दादांच्या वर्कशॉपमधला आवाज, एवढ्या वर्षांनी, राजगुरुनगरच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये. बाजरी पडू लागली, दगड घुमू लागला, पीठ गरम येऊ लागलं.

हे जाळीपासून दूर खुर्चीवर बसले होते. भिंतीकडे तोंड.

"कुसुमताई, दाणे जरा कमी सोडा," हे म्हणाले. "पट्टा मागे पडतोय."

कुसुमताईंनी चमकून बघितलं. "भाऊ, तुमचं त्वांड तर तिकडं हाय!"

"म्हणूनच ऐकू येतं."

दाणे कमी केले. मी डोळे मिटले. टकटक खरंच थोडी भरभर झाली, आणि मग एका लयीत आली. यांनी मान डोलावली. बायका आपापले डबे पुढे सरकवायला लागल्या, पहिला नंबर कोणाचा यावर भांडण सुरू झालं. कुसुमताईंनी पहिली मूठ यांच्या हातावर ठेवली. यांनी पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळलं, फुगवटा तपासला होता तसंच. म्हणाले, "थोडं जाडसर आहे. पण भाकरी चांगली होईल."

मग माझ्या दिशेने वळले. "टीचर, ढिली बाजू वर आहे ना?"

"वर आहे."

"झोळ किती?"

मी हाताने दाखवला. मग लक्षात आलं की मी यांच्या बरोबर समोर उभी आहे, जिथे यांच्यासाठी फक्त करडा डाग असतो. मी दोन पावलं उजवीकडे सरकले, आणि पुन्हा हात उचलून झोळ दाखवला.

"एवढा," मी म्हटलं.

यांनी मान तिरकी केली आणि माझ्याकडे बघितलं.